बाभळीचे पंख

ओल्या बाभळीच्या भुशाचा वास आला की मला आमच्या नदीकाठच्या राजघाटची ती सकाळ आठवते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजच्या प्रयोगासाठी केलेल्या माझ्या उंचीच्या लाकडी रॉकेटला शेपटीचे पंख बाबांनी करून दिले. ते बैलगाड्या बनवणारे सुतार, म्हणून जड बाभळीचे. शेपटीत वजन नको, हे मी शिकले होते. पण बाबांना चूक कशी दाखवायची, म्हणून गप्प राहिले.

बत्ती दिली. रॉकेट वर गेलं, उलटं वळलं आणि सरळ बाबांवर आलं. ते त्यांच्या चपलेशेजारी वाळूत रुतलं.

“जड झालं का?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“तुले मालूम होतं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मंग सांगाचं ना, पोरी. शिकाले कायले धाडलं तुले?”

आता त्यांचं चुकलं तर मी लगेच सांगते. आवाज मात्र अजूनही कापतो.