थर्माकोलचा नाला

गणपती जवळ आले की उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या मराठी घरांना माझी आठवण व्हायची. एरवी मला कोण विचारतंय? अकरावीपर्यंत शिकलेली, घरी बसलेली, दोन पोरांची आई. पण श्रावण लागला की आमचं दार वाजायला लागायचं. "वहिनी, यंदा मखर कसं करायचं हो?" मी थर्माकोल कापायची. जाळीच्या कमानी, मोर, कळस, पाहिजे ते. आमच्या ह्यांनी जुन्या हीटरची तार ताणून बॅटरीला जोडून दिली होती. ती तापली की थर्माकोल लोण्यासारखा कापला जायचा. आम्हा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात सजावटीचं पहिलं बक्षीस आमच्याच घरात यायचं. समोरच्या बायकासुद्धा म्हणायच्या, "भाभीजी के हाथ में तो जादू है." एवढं एकच माझं होतं, बरं का. बाकी सगळं धाकट्या जावेचं.

आम्ही खाली राहायचो, दीर आणि जाऊ वर. जाऊ पुण्याची, एम.ए. झालेली. मी "भाजी बनवली" म्हटलं की ती हळूच "केली" म्हणायची. मी "मला मालूम नाही" म्हटलं की गालात हसायची. उज्जैनला जन्म गेला आमचा, आम्ही असंच बोलणार! पण तिनं नुसतं दारात उभं राहून काही म्हटलं तरी लोक कौतुकानं ऐकत बसायचे. माझ्या पोटात दुखायचं. आजही दुखतं, खोटं कशाला बोलू?

भाऊजी पाणीपुरवठ्याच्या सरकारी खात्यात इंजिनिअर होते. तेव्हा रोज काहीतरी नवीन येत होतं. घराघरांत केबल आलं, टावर चौकात काचेची दुकानं आली, आणि एक दिवस भाऊजी पेढे घेऊन खाली आले. त्यांच्या ऑफिसला सरकारकडून पैसे आले होते. शहरातले नाले क्षिप्रेत जातात, ते घाण पाणी अडवून, स्वच्छ करून बागांना आणि शेतांना द्यायचं, अशी योजना होती.

"अरे वा! मग बांधायला कधी घेणार?" मी विचारलं.

"वहिनी, हे पैसे बांधायचे नाहीत. हे फक्त प्लॅनिंगचे. आधी आराखडा करायचा, भोपाळला दाखवायचा. पसंत पडला तर पुढचे पैसे."

"म्हणजे मुलगी दाखवायला साडी घेतलीत, लग्नाचं मागाहून बघू!"

भाऊजी खो खो हसले. म्हणाले, "तसंच समजा. आणि दाखवायला एक मॉडेलही लागणार आहे. थर्माकोलचं."

आता मला सांगा, ज्या घरात मी आहे त्या घरात हे वाक्य बोलल्यावर दुसरं काय समजायचं? मी दुसऱ्याच दिवशी टावर चौकातून जाड थर्माकोल घेऊन आले. नाला कसा वळवायचा, टाक्या कुठे बसवायच्या, पाणी कशाचं करायचं, पोळ्या लाटतानासुद्धा तेच डोक्यात. भोपाळचे मोठे साहेब माझं काम बघणार होते. मखर बघून लोक गणपतीला नमस्कार करतात. इथे गणपती नव्हता, इथे कामच बघायचं होतं.

रविवारी सकाळी सगळे पोहे-जिलबी खायला बसलो होतो. मी म्हटलं, "भाऊजी, मापं द्या म्हणजे सुरुवात करते."

भाऊजी जिलबी मोडत म्हणाले, "अहो नाही वहिनी, तुम्हाला कशाला त्रास? ही करतेय मॉडेल. हिचं ड्रॉइंग चांगलं आहे ना."

त्रास! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिनं आयुष्यात कधी थर्माकोलला हात लावला नव्हता. ह्यांच्याकडे बघितलं, तर हे शेव टाकून पोहे खाण्यात दंग. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी अशी आपटली की वरच्या मजल्यावर ऐकू गेली असतील, पण वरची माणसं खालीच बसली होती.

पुढे आठवडाभर वरून चाकूचा करकर आवाज यायचा. चाकूनं कापत होती बाई! दाणे उडून जिन्यावर यायचे. मी ते झाडायची आणि मनात म्हणायची, कर, कर, भोपाळला हसं करून घे. मग एका दुपारी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर निघाले, तर तिच्या दारात ती निळ्या ऑइल पेंटचा डबा उघडून बसलेली. ब्रश बुडवलेला. समोर टाक्या, नाला, सगळं पांढरंशुभ्र मांडलेलं. वाकडंतिकडं होतं, पण आठवडाभराचं काम होतं.

"अगं ए! थांब!" मी एवढ्यानं ओरडले की तिच्या हातून ब्रश पडला. "ऑइल पेंट थर्माकोलला खातो गं! सगळ्याला भोकं पडतील!"

तिनं एका तुकड्यावर लावून बघितला. तुकडा आत गेला, सुरकुतला. ती रडायलाच लागली. "वहिनी, परवा जायचंय भोपाळला."

तिच्यासाठी नव्हते ओरडले मी, थर्माकोलसाठी ओरडले. ते वाया जाताना मला बघवत नाही, मग ते कुणाचंही असो. खाली जाऊन माझी तार आणली, माझा थर्माकोल आणला आणि पदर खोचला. टाक्या पुन्हा कापल्या, गोल, एकसारख्या. नाल्याला पोस्टर कलरचा काळपट हिरवा रंग दिला. शेवटच्या टाकीत आरशाचा तुकडा बसवून वर निळा जिलेटिन कागद लावला. तिथून बागेपर्यंत बारीक चर, बागेत स्पंजची झाडं. दिवेलागणीला पूर्ण झालं तेव्हा त्या टाकीत खिडकीचं आभाळ दिसत होतं. आम्ही दोघी बघत बसलो. तिनं माझा हात धरला होता, मी तो सोडवून घेतला.

भोपाळला ती गेली. लिंबू रंगाची साडी नेसून, जीपमध्ये भाऊजींच्या शेजारी, मांडीवर माझा नाला. मी दारात उभी राहून "सांभाळून न्या" म्हटलं. साहेब खूश झाले. पेपरात फोटो आला, त्यात ती आणि मॉडेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "वहिनींनी खूप मदत केली हं!"

मदत म्हणे! मोदक मी करायचे आणि ताट वाढणारीनं म्हणायचं, वहिनींनी मदत केली! त्याहून जळफळाट कशाचा, तर ती हे अगदी मनापासून म्हणायची. तिला वाटायचं, ती मला मोठेपणाच देतेय. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही तिनं.

पेपरातला तो फोटो बघून इंदूरच्या एका नव्या कंपनीनं तिला बोलावलं. दुकानं, ऑफिसं आतून सजवून द्यायचं काम. नोकरी लागली! रोज सकाळी पर्स खांद्याला लावून ती इंदूरच्या बसला जायला लागली, पुढे तिला तिकडेच खोली मिळाली. मी खाली पोळ्या लाटत होते.

आणि योजना? आराखडा उत्तम म्हणाले आणि ठेवून दिला. पुढचे पैसे काही आले नाहीत. नाले क्षिप्रेत जात होते तसेच गेले. मॉडेल परत आलं, ते वरच्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे.

काही वर्षांनी भाऊजी पुन्हा खाली आले. पेढे नव्हते. "वहिनी, परत पैसे आलेत. सुधारित आराखडा करायचाय. जुन्या मॉडेलची उंदरांनी वाट लावलीय, आणि हिला इंदूरहून यायला वेळ नाही. तुम्ही कराल का?"

म्हणजे तिला वेळ नाही म्हणून मी! चांगलं तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. ह्यांनी तर पेपरातून डोकं काढून विचारलं, "अरे, पण ह्या वेळी बांधणार आहेत का?"

"त्याच्याशी मला काय करायचंय!" मी म्हटलं. "थर्माकोल जाड आणा, भाऊजी. आणि भोपाळला मी येणार."

असं मॉडेल मी पुन्हा कधी केलं नाही. भोपाळपर्यंत ते मांडीवर धरून नेलं, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलायची. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, वाकले, शेवटच्या टाकीत बघितलं. त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असणार. हसून म्हणाले, "वाह! किसने बनाया?"

भाऊजी बोलायच्या आत मी म्हटलं, "मैंने."

सगळ्या खोलीनं माझ्याकडे बघितलं. टाळ्यासुद्धा वाजल्या. आणि मी मात्र दाराकडे बघत होते. ती कुठे होती? ज्या एका बाईनं हे ऐकायला हवं होतं, ती इंदूरला कुणाचं तरी दुकान सजवत होती.