मोरीतला नवा कॉक

खानापूरला आमच्या घरामागच्या चढावर पाण्याची टाकी होती. तिथून मोरीपर्यंत काळा प्लास्टिकचा पाइप आलेला. रोज सकाळी आप्पा, म्हणजे आमचे वडील, वर जायचे आणि टाकीजवळ त्याच पाइपाला जोडलेल्या हवेच्या नळीला तोंड लावून विचारायचे, "सोडू काय गं?" खाली थोरली बहीण, आक्का, मोरीतल्या कॉकला तोंड लावून म्हणायची, "सोडा." मग ते टाकीचा कॉक उघडायचे.

आप्पा गेले त्याच वर्षी मोरीतला कॉक जाम झाला. मी वर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. कुणी चुकून उघडू नये म्हणून त्याची मूठच काढून खिशात टाकली. जुनाट पाइप उन्हानं लई कडक झालेला. त्याचं टोक उकळत्या पाण्यात मऊ करून नवा कॉक आत दाबताना माझी बोटं भाजली. मी वैतागलोच होतो. तेवढ्यात आक्का वाकली आणि नव्या कॉकात म्हणाली, "सोडा."

"वर कोण हाय गं? मूठ माझ्या खिशात हाय," मी खेकसलो.

"त्यांनी विचारलं रं," ती म्हणाली.

माझ्या हातातला तो गरम पाइप आतून गार होत गेला आणि मोरीत पाणी पडायला लागलं.