पुंजाजीनं न शिकवलेली गोष्ट

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात पुंजाजी तायडे होता वॉर्डबॉय, पण रोगी त्याला मास्तर म्हणत. माणूस सातवी पास. डॉक्टर राऊंडला निघाले की हा मागे मागे फिरून इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारायचा. डॉक्टर कधी सांगत, कधी वैतागत. पुंजाजी मात्र भलता चिवट. अर्थ घेतल्याशिवाय वाट सोडायचा नाही.

त्याचं कारण साधं होतं. डॉक्टर बोलत तोवर खेड्यातली माणसं हो ला हो करायची आणि त्यांची पाठ वळली की रडायला बसायची. त्या माना डोलावण्याचा पुंजाजीला भारी राग. "मुंडी नोको हालवू, काय समजलं ते मले सांग," म्हणायचा, आणि रोग्यानं आपल्या तोंडानं सांगेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

त्रेसष्ट साली अकोटकडच्या एका खेड्यातून डोमाजी आपल्या लेकीला, पंचफुलाला, घेऊन आला. पोर एकोणीस वर्षांची. चार पावलं चालली की धाप, आडवी झाली की जीव घुसमटायचा. कागदावर लिहिलं होतं, मायट्रल स्टेनॉसिस. मुंबईला ऑपरेशन केलं तर वाचेल, नाही तर फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

पुंजाजीनं बापलेकीला व्हरांड्यात बसवलं. "पावसाळ्यात दार फुगून अडकते ना? तसं हिच्या काळजाच्या अंदरचं एक दार अडकलं. लहानपनी गुडघे सुजून ताप आलता, त्यानंच ते खराब केलं. आता नुसती फट रायली. रगत मांगं तुंबते, म्हनून धाप लागते. फटीतून जातानी आवाज होते, त्याले डॉक्टर मर्मर म्हनतेत. मुंबईचा डॉक्टर छाती उघडीन, काळजात बोट घालीन आन दार मोकळं करीन."

पंचफुलानं सगळं घडाघडा सांगून दाखवलं. डोमाजी मग म्हणाला, "मी नाही पाठवत."

"काहून?"

"बोट घालीन म्हनता. त्याले मालूम हाय का, आपुन कोन ते? अर्ध्यात समजलं आन त्यानं हात काढून घेतला तं?"

पुंजाजीचं डोकं तापलं. छप्पन साली दोघांनीही नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि हा अजून असं विचारतो! पण म्हाताऱ्यानं लेकीचा हात घट्ट धरलेला दिसला आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. इतके शब्द गोळा केले होते, त्यातला एकही इथे कामाचा नव्हता. शेवटी तो म्हणाला, "तुमीच पुसा त्याले. आधी पुसा, मंग कागदावर आंगठा द्या. नाही म्हनला तं लेक घिऊन वापस या."

तीन महिन्यांनी डोमाजी तपासणीसाठी लेकीला घेऊन आला. पंचफुला दवाखान्याच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढली, धाप न लागता.

"पुसलं का मंग?" पुंजाजीनं डोमाजीला विचारलं.

"पुसलं ना. म्हनलं, सायेब, आमी बौद्ध हावो, पयले म्हारवाड्यातले. तं त्यानं मलेच पुसलं, हिचे गुडघे कितव्या वर्सी सुजले होते? म्हनलं, नवव्या. त्यानं लिहून घेतलं. बस."

मग डोमाजी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून म्हणाला, "आपरेशनच्या दिवशी मी काचेतून पायलं. थो डॉक्टर साबन लावू लावू कोपरालोक हात धून रायला होता. लय येळ. आमाले शिवल्यावर हात धुनारे लोक जलमभर पायले, भाऊ. पन हिले तं त्यानं त्या दिवशी आजून हात लावलाच नोता. मंग माया ध्यानात आलं. थो माया लेकीले शिवासाठी हात धूत होता."

पुंजाजीनं सोळा वर्षं डॉक्टरांच्या हातांवर पाणी ओतलं होतं. हेही कुणाला समजावून सांगायचं असतं, असं त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. भर व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तो डोमाजीच्या गळ्यात पडून रडला.