मामा सर्व्हर घेतात

माझ्या पत्नीच्या मामांना पसंत पडेल असा आवाज मुंबईत अजून निघालेला नाही. गिरगावातल्या घराची बेल त्यांनी अनेकदा बदलली आणि शेवटी काढूनच टाकली. तेव्हापासून त्यांच्याकडे कडी वाजवावी लागते, आणि ती कशी वाजवायला हवी होती हे दार उघडल्यावर ऐकावे लागते. मामींच्या कुकरच्या तिसऱ्या शिट्टीचा सूर उतरतो, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. एका लग्नात मंगलाष्टके चालू असताना त्यांनी हातातल्या अक्षता खिशात टाकून दोन्ही कान झाकले होते. लग्न माझेच होते.

त्यामुळे बँकेतून निवृत्त झाल्यावर मामांनी म्युझिक सर्व्हर घ्यायचे ठरवले, तेव्हा घर धास्तावले. म्युझिक सर्व्हर म्हणजे काय, हे मला बरेचदा समजावण्यात आले आहे. समजले ते इतकेच: घरातल्या सगळ्या सीडी आणि कॅसेटी पोटात घेऊन बसणारी, स्वतः अजिबात आवाज न करणारी, सेकंडहँड गाडीच्या किमतीची पेटी. मामींना सर्व्हर ही वस्तू फक्त बँकेमुळे माहीत होती. "जन्मभर लोकांना सर्व्हर डाऊन आहे म्हणून परत पाठवलंत," त्या म्हणाल्या, "आणि आता तोच घरी आणताय?" मामांनी शांतपणे सांगितले की ही आपली शेवटची खरेदी. यानंतर उरलेले आयुष्य फक्त ऐकायचे, तेव्हा निवडीत चूक परवडणार नाही.

निवड करण्यात वर्ष उलटून गेले. मी वर्तमानपत्रात काम करतो. न समजलेल्या विषयावर समजल्यासारखे लिहिण्याचा सराव असल्यामुळे असेल, मामा दर वेळी मलाच बरोबर नेत. दुकान दादरला; खाली साड्या, वर जाड पडदे लावलेली खोली. विक्रेता एका पेटीतून गाणे ऐकवी, मग दुसरीतून तेच गाणे. पहिलीत 'हवा' जास्त आहे आणि दुसरीतला 'काळोख' चांगला आहे, असे तो सांगे. मला दोन्हींत एकच बाई गाताना ऐकू येई. मामा डोळे मिटून बसत आणि शेवटी विचारत, "काय जावईबापू, काय ऐकलंत?" मी कधी हवा म्हणे, कधी काळोख. पूर्वी अशा उत्तरावर त्यांनी माझ्याशी महिनाभर गाण्याचा विषय काढला नसता. आता ते मान डोलावत आणि पुन्हा लावायला सांगत. हे मला चमत्कारिक वाटे. पण त्या खोलीत चमत्कारिक न वाटणारे काहीच नव्हते.

मग एका शनिवारी विलंबित ख्याल लागला होता. तबला फिरून जिथे परत येतो ती सम मामांच्या हाताने कधी चुकवलेली नाही. मैफलीत अनोळखी माणसे त्यांच्या हाताकडे बघून आपली मान हलवत. मला सम कळत नाही. काहीतरी करावे म्हणून मी मधेच गुडघ्यावर थाप मारली. तिथे सम नव्हती, हे विक्रेत्याच्या चेहऱ्यावरून समजले. आणि माझ्या मागोमाग, त्याच चुकीच्या जागी, मामांचा हात पडला. त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्या हाताकडे बघत होते.

खाली उतरल्यावर मी विचारले, डॉक्टरांना दाखवलेत का. मला ते पुन्हा, मोठ्याने विचारावे लागले.

"दाखवलंय," मामा म्हणाले. "कानात मशीन घाला म्हणतात. आता गाणं काय मशीनमधून ऐकायचं?"

मग दुकानाच्या पाटीकडे बघत ते म्हणाले, "वरचे सूर गेलेत. खालचे आहेत अजून. कुठली घेऊ, तुम्हीच सांगा. तुमचे कान कोरे आहेत, कधी वापरलेच नाहीत."

मी दुसरी सांगितली. का, ते मला अजूनही सांगता येणार नाही. पेटी घरी आली. मामींनी तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, मामांनी तो काढला.

रविवारी सकाळी मी गिरगावात जातो. माझी खुर्ची मामांनी त्यांना माझा हात दिसेल अशी वळवून ठेवलेली असते. परळला एका तबलजींकडे मी मात्रा मोजायला शिकतो आहे, हे मी त्यांना सांगितलेले नाही. अर्ध्या वाटेपर्यंत मला जमते, पुढे गोंधळ होतो. मग मी हात वर तसाच धरून ठेवतो. समोर मामांचाही हात थांबलेला असतो, आणि आम्ही दोघे समेची वाट बघतो.