दाजींची घागर आणि आमच्या घरची डाळ

सांगू की नको, सांगू की नको, असं करत हा प्रकार मी आजवर चहाच्या घोटाबरोबर गिळत आले. पण आक्कानं तुम्हाला अर्धामुर्धा सांगितलेलाच दिसतोय, आणि आक्का सांगते त्यात मी आहे त्याहून बावळट दिसते. तेव्हा म्हटलं, आपली फजिती आपल्याच तोंडून गेलेली बरी. हसा, पण निदान तोंडावर पदर घेऊन हसा!

आधी हे ऐका की मी दचकते. भांडं पडलं, दचकले. कुणी मागून हाक मारली, दचकले. आमच्या घरामागं कापसाच्या जिनिंगचा भोंगा रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी वाजतो. जन्मापासून ऐकतेय. तरी रोज दचकते! कॉलेजात दोन वर्षं सायन्स शिकून आले, पण त्यावर काही उपाय पुस्तकात सापडला नाही.

आता मुद्द्याचं. आमचं जालना आणि शेजारचं औरंगाबाद. दोन्ही गावं अशी भराभर वाढू लागली आहेत, की वाढत्या वयाच्या दोन जावांसारखी सदा एकमेकींच्या ताटात डोकावतात. तिकडं नवी कचेरी निघाली की आमचा बाजार, आमचा मोंढा म्हणणार, "कागदं खाऊन पोट भरतं का?" इकडं नवी जिनिंग निघाली की औरंगाबादकर म्हणणार, "सरकी मोजा लेको, सरकी!" बाजारात ठीक आहे हो. पण आमच्या घरात हे भांडण जावई होऊन आलं, त्याचं काय करता?

आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, औरंगाबादच्या एका कचेरीत आहेत. आक्काला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर जगाची रीत. आमचे वडील, अण्णा, आणायला गेले, तर दाजी म्हणाले, "जालन्याला? त्या जड पाण्यावर? मामा, तुमच्या पाण्यात डाळ तरी शिजती का?"

झालं! अण्णांना शिवी दिली असती तरी चाललं असतं. "जावईबापू," ते म्हणाले, "आमच्याकडं म्हणतात, जालना सोने का पालना!"

"पालना सोन्याचा असंल. पण पाळण्यातल्याला पाणी तर पाजावंच लागतं की न्हाई?"

मंग काय, पैज लागली. दाजींनी आक्काला घेऊन जालन्याला यायचं आणि येताना औरंगाबादच्या नहरीचं, म्हणजे तिथल्या जुन्या कालव्याचं, पाणी आणायचं. आमच्या अंगणात दोन चुली, सारखी पातेली, तीच तूरडाळ. जालन्याच्या पाण्यात आधी शिजली तर आक्का राहील. औरंगाबादच्या पाण्यात शिजली तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं आक्का परत. पंच म्हणून शेजारचे शेठजी काका. पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात राहिलेले मारवाडी, पण माणूस तराजूसारखा सरळ.

दाजी आले ते टांग्यात पितळी घागर मांडीवर घेऊन. फडकं बांधलेलं, वर सुतळी. आक्काची ट्रंक मागून हमालाच्या डोक्यावर, पण घागर जावयाच्या मांडीवर! ट्रंक तशीच ओसरीवर राहिली, पैजेचा निकाल लागेपर्यंत उघडायची नाही. आक्का सारखी तिच्याकडं बघायची. पोरीचा जीव आईपाशी अडकलेला. आईचा तर त्याहून.

"घागर कुसुमच्या ताब्यात," शेठजी काका म्हणाले. "जन्म जालन्यात, कॉलेज औरंगाबादेत. दोनो तरफ का नमक खाया है."

किती मोठा मान! आणि दिला कुणाला, तर मला दचकणारीला!

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी अंगणात जमत होती. मी माजघरातून घागर उचलली, कडेवर घेतली, मोरीजवळच्या उंबऱ्यापाशी आले…

आणि भोंगा वाजला.

पुढचं काय सांगायचं! घागर मोरीत आडवी, औरंगाबादचं पाणी भडाभडा जालन्याच्या गटारात. मी तिच्याकडं बघतेय, ती माझ्याकडं बघतेय. बाहेरून दाजी ओरडले, "कुसुमबाई, जल्दी आणा! चूल पेटून राह्यली!"

सांगायला हवं होतं ना तिथल्या तिथं? हवंच होतं. पण घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतात. शेजारीच रांजण होता. तलावाचं, नळानं आलेलं, आमचं रोजचं पिण्याचं पाणी. मी घागर भरली, फडकं बांधलं. वर मनाशी हिशेबही केला: दोन्हीकडं एकच पाणी, म्हणजे डाळ एकदम शिजणार. बरोबरी! कुणाची हार नाही, कुणाला वाईट नाही. बघा, सायन्स कुठं उपयोगी पडलं!

अंगणात आधी पाणी चाखायचं ठरलं. दाजींनी आपल्या घागरीतलं ओंजळभर घेतलं आणि डोळेच मिटले. "अहाहा! ह्याला म्हणतात पाणी! काल आल्यापासून जीभ कशी लाकूड झाल्ती माझी. गोडवा बघा हो!"

अण्णांनीही तेच चाखलं. तोंड असं केलं, जणू एरंडेल. "थूः! मचूळ! गुरं तोंड न्हाई लावायची."

शेठजी काकांनी दोन्ही पाणी चाखलं, बराच विचार केला. "फरक आहे. बिलकुल फरक आहे."

"कुसुम, तू सायन्सवाली. तू सांग," अण्णा म्हणाले.

मला घाम फुटला. "दोन्हींत… म्हणजे… बरंच साम्य आढळतं."

"शिकल्याचा काय फायदा!" दाजी म्हणाले.

चुली पेटल्या. आईला हात लावायची बंदी, कारण ती पक्षपात करील. म्हणून जालन्याची चूल अण्णांनी घेतली, ज्यांनी जन्मात चहासुद्धा उकळला नव्हता. बाभळीचं ओलसर लाकूड घातलं आणि दर थोड्या वेळानं झाकण उचलून आत बघत बसले.

"अहो, झाकण ठेवा! वाफ जाऊन राह्यली!" आई दारातून कळवळली.

"तू बोलू नको! पंच बघून राह्यलेत!"

पलीकडं दाजी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडमोडून चुलीत सारत होते. झाकणाला हात नाही. फुंकून फुंकून डोळे लाल, नाकाला काजळी, पण हलले नाहीत.

मी मधे उभी, पदराचं टोक चावत. शिजा गं बायांनो, एकदम शिजा!

कशाला शिजतात! दाजींनी झाकण काढलं, एक दाणा चिमटीत धरला. "लोणी! लोणी झालं लोणी!" अण्णांनी आपला दाणा दाबला, तर तो टणकन उडून शेठजी काकांच्या पागोट्याला लागला.

अण्णा मटकन खाली बसले. आई पदर तोंडाला लावून आत वळली. आणि आक्का भिंतीला धरून उठली आणि ट्रंकेपाशी जाऊन उभी राहिली.

ते मात्र मला बघवेना. मी ओरडले, "अण्णा! दोन्ही पाणी एकच आहे!"

शेठजी काकांनी मान डोलावली. "लाख की बात बोली पोरगी! जालना काय, औरंगाबाद काय. सब पानी एक."

"तसं न्हाई हो काका! खरंच एक आहे! रांजणातलं! दाजींचं पाणी… सांडलं माझ्याकडून… भोंगा वाजला आणि…"

अंगण असं चिडीचूप झालं, की चुलीतली काडी तडकली तर मी पुन्हा दचकले.

पहिले अण्णा उठले. "म्हंजी जालन्याच्या पाण्यात लोणी झालं! वा रं पोरी!"

"मामा, मघाशी थुंकलात ते कोणाचं पाणी होतं मंग?" दाजी म्हणाले.

"आन तुम्हाला गोड लागलं ते?"

पाण्यावरून आता कुणी तोंड उघडायचं? शेठजी काका घसा खाकरून म्हणाले, "जावईबापू, तुम्ही काय बोलले होते? जालन्याच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. तुमच्याच हातानं शिजली. खलास! ट्रंक आत घ्या."

दाजी शब्दाचे पक्के. ट्रंक त्यांनी स्वतः उचलून आत ठेवली. आणि मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण आवाज अगदी खाली होता.

"कुसुमबाई, पाणी सांडलं, हरकत न्हाई. पण सांगायचं होतं हो. बायको-लेकरू तुमच्या भरवशावर ठेवून जाऊन राह्यलो मी या घरात."

मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. तेवढ्यात ओसरीवरून आक्काचा आवाज आला, "भांडण झालं असंल तर एक पातेलं इकडं द्या. दोन जीवांची भूक लागलीय मला. आन डाळीत मीठ कोणीच घातलं न्हाई का?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोंढ्याला कळलं. दाजी परतले तेव्हा औरंगाबादलाही. आमच्या होस्टेलच्या मैत्रिणींची पत्रं आली: "भोंगा कसा आहे?" दोन गावांचं कशावर म्हणून एकमत होत नव्हतं, ते माझ्यावर झालं.

आक्काला मुलगा झाला, जालन्यातच. ठणठणीत. बारशाला दाजी आले. पेढे वाटले, सगळ्यांशी हसून बोलले, माझ्याशीही. मला वाटलं, विसरले असतील. तेवढ्यात त्यांनी बाळाला उचललं आणि थेट माझ्याकडं आले. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! मी दोन्ही हात पुढं केले.

दाजी थांबले. खिडकीतून जिनिंगकडं एकदा बघून घेतलं आणि म्हणाले,

"आधी खाली बसा. भोंगा वाजून जाऊ द्या. मंग देतो."