गिनीपिग घेऊन आलेले फौजी

सांगलीत जनावरांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसले होते. शेजारी उंब्रजहून आलेले एक म्हातारे निवृत्त फौजी होते. त्यांच्या मांडीवर मफलरात गुंडाळलेला गिनीपिग होता. त्याची मान एकीकडे कलली होती आणि मधूनच झटके यायचे. झटका आला की ते त्याच्या छातीवर दोन बोटं ठेवून ठोके बघत.

तपासून डॉक्टर म्हणाले, "मेंदू आणि हृदय, दोन्ही बिघडलंय. कारण सापडत नाही. हाल होण्यापेक्षा कायमचं झोपवू या का?"

"आज नगं, डॉक्टर. आज सकाळी कोथिंबिरीची एक काडी त्यानं आपली आपण खाल्ली हाय."

ते अलगद उठले आणि एसटी गाठायला निघाले.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणातले सगळे रिपोर्ट मला पाठ आहेत. शेवटच्या सकाळी त्यांनी काय खाल्लं, ते मात्र मला आठवेना.