जुना पार्ट मालकाच्या हातात

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी हा विषय टाळून पुढं सरकतो. आज तुम्हाला सांगतोय, कारण परवा नांदेडला माझा पुन्हा एकदा सत्कार झाला आणि मला स्वतःचा इतका संताप आला की घरी येऊन ती शाल मी गाडी पुसायच्या फडक्यांत फेकली. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हणालो, काही नाही, उकडतंय.

सत्कार कशाचा? तर जुन्या गाड्यांचा. माझ्याकडं सहा आहेत. भंगारातून उचललेल्या, खोलून, घासून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आणलेल्या. लोक म्हणतात, सरांचा छंद म्हणजे तपश्चर्या. डोंबलाची तपश्चर्या! लातूरला क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा मी तिथं फिजिक्स शिकवत होतो, एवढंच माझं कर्तृत्व. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन उतरली. दोन खोल्यांचा हॉल झाला, हॉलचे तीन मजले झाले, नांदेडला शाखा निघाली, आणि तळमजल्यावर मी गाड्या उभ्या केल्या. वर वर्गात पोरांना सांगायचं, प्रामाणिक राहा, मन स्वच्छ ठेवा. नाकानं कांदे सोलायला मला कुणाची शिकवणी लावावी लागली नाही.

सहांपैकी पहिली गाडी म्हणजे डुक्कर फियाट. पाठीवर फुगीर, नाकाकडं बुटकी, म्हणून जुनी माणसं तिला डुक्कर म्हणायची. फोटो हिचेच निघतात. पोरी-पोरं हिलाच टेकून उभी राहतात. तिच्या क्रीम रंगाच्या सीटवर हात फिरवून लोक म्हणतात, सर, एक डाग नाही हो!

नाही ना. एक डाग नाही. तेच सांगायचंय.

पण आधी खाजाभाईंबद्दल सांगू द्या. टाळतोय असं म्हणाल? म्हणा. खाजाभाई मिस्त्री — लातूरला त्यांचं गॅरेज होतं, पत्र्याचं, एका लिंबाखाली. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. मी तेव्हा तिशीतला, कॉलेजात मास्तर आणि सकाळ-संध्याकाळ शिकवण्या. औरादच्या एका आडत्याच्या गोठ्यात ही फियाट मला सापडली. कडब्याखाली होती आणि आत कोंबड्या. खाजाभाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "जीव हाय, सर." त्यावर आम्ही दोघांनी तीन वर्षं घातली. सुट्टी म्हणजे गॅरेज, हे ठरलेलंच. हातातलं सगळं त्यांनी शिकवलं. पुस्तकातलं मला येत होतं, त्याचा उपयोग नट ढिला करायला होत नाही.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही पार्ट बदलला की जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा. कपड्यानं पुसून. दोन रुपयांचा वायसर असला तरी. "मिस्त्रीनं बदलला का नुसता पुसला, हे मालकाला कळाया पायजे," असं म्हणायचे. मी एक बिस्किटाचा डबा ठेवला होता, त्यात हे सगळं जमा व्हायचं. त्या डब्यात शेवटी पडला तो कंडेन्सर. बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी असते ती. ठिणगी नीट पडते ती तिच्या जिवावर. ती मेली की इंजिन नुसतं खोकतं. आणि वरून बघून चांगली कुठली, मेलेली कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. खाजाभाईंनी हैदराबादहून नवा आणून बसवला आणि जुना माझ्या तळहातावर ठेवला.

त्या वर्षी गाडी तयार झाली ती गणपतीत. विसर्जनाच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीचा गणपती माझ्या फियाटमधून निघाला. काय सांगू? सगळं गाव गाडीकडं बघत होतं, गणपतीकडं नाही. मला ते आवडलं. घरी येऊन मी सीटवरचा गुलाल ओल्या फडक्यानं टिपून काढला आणि मगच जेवलो.

पहाटे भूकंप झाला.

त्र्याण्णवचा. आमच्या घराला तडे गेले, बाकी आम्ही सगळे धड. रस्त्यावर येऊन उभे राहिलो. उजाडता उजाडता बातम्या यायला लागल्या. औशाच्या पलीकडं गावंच्या गावं बसली, दगड-मातीच्या भिंतींखाली माणसं आहेत. आणि त्यासोबत दुसरी बातमी: चाकं असतील ती सगळी तिकडं चाललीत. जीप, टेम्पो, डॉक्टरांच्या गाड्या. माणसं आणायला. शेजारच्या वकिलांची अँबेसेडर मी डोळ्यांनी जाताना पाहिली. त्यांनी स्वतः चालवत नेली.

मी काय केलं? मी मागच्या अंगणात गेलो. डबा उघडला. फियाटचा नवा कंडेन्सर काढला आणि मेलेला बसवला. एक स्क्रू असतो — पाच मिनिटांचं काम. नवा शर्टाच्या खिशात टाकला, डबा परत घरात ठेवला. कुणी मागायला आलं तर गाडी चालू होणार नाही आणि मला खोटंही बोलावं लागणार नाही, असा माझा हिशोब. शिकलेल्या माणसाची अक्कल बघा! खोटं बोलायची लाज वाटत होती म्हणून गाडीला खोटं बोलायला लावलं.

तासाभरात खाजाभाई आले. पळत. पायात चप्पल नव्हती.

"सर, गाडी काडा. आपाचं गाव पडलंय. आपाला भाईर काडलंय, जित्ती हाय, पन कमरंखालून हलंना. मानूस आलता सांगत. दवाखान्यात आनायचं हाय."

रजियाआपा त्यांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेलेली, आपानं वाढवलं. गॅरेजात ती कधीमधी यायची, तेव्हा आमच्या दोघांसाठी ज्वारीची भाकरी नि आंबाड्याची भाजी फडक्यात बांधून आणायची. म्हणजे मी तिच्या हातचं खाल्लेलं होतं. हे विसरू नका. मीही त्या सकाळी विसरलो नव्हतो.

त्यांच्या गॅरेजात दोन गाड्या होत्या, दोन्ही खोललेल्या. म्हणून ते सरळ माझ्याकडं आले. आणि परवानगीसाठी थांबलेसुद्धा नाहीत हो. ते अंगणात गेले, बसले, चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा. मग उतरले, बोनेट उघडलं, वायर काढून ठिणगी बघितली. पिवळी, मरतुकडी. कुठल्याही दुसऱ्या मिस्त्रीला अर्धा दिवस लागला असता. त्यांना दहा मिनिटं लागली.

"कंडेन्सर गेला," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. खरोखर, उजव्या हातानं, काजळी लागली गालाला. "माल डुप्लिकेट निगाला, सर. मीच आनला, मीच बसिवला. चूक माजी हाय."

दुकानं बंद होती. गॅरेजातल्या दोन्ही गाड्या डिझेलच्या, त्यांत कंडेन्सर नसतोच. पार्टवाला स्वतःच्या गावाकडं पळाला होता. आणि इथंवर — इथंवरची गोष्ट मी स्वतःला इतकी वर्षं एका ठरावीक रीतीनं सांगत आलो. की मी अडकलो होतो. की चाल दुसऱ्यांसाठी रचली होती आणि सापडले खाजाभाई. की आता खिशातून नवा काढून दाखवायचा कसा? काय तोंडानं? भित्रा होतो, गोंधळलो, बस्स. इतपत पाप माणसाला पचवता येतं. मी पचवलं.

पण तसं नव्हतं. मी अडकलो नव्हतो. खाजाभाईंनीच मला दार उघडून दिलं होतं.

ते म्हणाले, "सर, तो जुना? डब्यात हाय न्हवं? कदी कदी महिनाभर पडून ऱ्हायला की जीव धरतो. द्या, बघू लावून."

कळलं तुम्हाला? डबा घरात होता. चांगला कंडेन्सर माझ्या खिशात. मी आत जायचं, खिशातला डब्यात टाकायचा, डबा आणून त्यांच्या पुढं धरायचा. एवढंच. दोन्ही दिसायला सारखे. त्यांनी तो लावला असता, गाडी सुरू झाली असती, मेलेला जिवंत झाला म्हणून त्यांनी अल्लाचे आभार मानले असते. माझं बिंग फुटलं नसतं. माझी अब्रू जागच्या जागी. आपा दवाखान्यात. सगळं सगळं शक्य होतं, आणि हे मला तिथं उभ्या उभ्या सुचलेलं होतं. नंतर नाही. त्याच क्षणी.

मी म्हणालो, "डबा भंगारात दिला, खाजाभाई."

का?

सीट. दुसरं काही नाही. मागच्या क्रीम रंगाच्या सीटवर कमरेखाली चेंगरलेली बाई आडवी पडलेली मला दिसली. चिखल, आणि रक्त. आणि मला वाटलं — हे निघणार नाही. गुलाल निघाला होता, हे निघणार नाही. थू माझ्या जिनगानीवर! पण वाटलं ते हेच वाटलं, आणि त्यावर मी बोललो.

ते औसा नाक्यापर्यंत चालत गेले. तोवर बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. गर्दीतून, कुणाच्या ट्रॅक्टरवर, कधी पायी असे ते चार वाजता पोचले. आपा दुपारी गेली होती. शाळेपुढच्या झाडाखाली, सतरंजीवर. शेजारणीनं सांगितलं, खाजा गाडी घेऊन येईल असं म्हणत होती. भावाकडं चकाचक गाडी आहे, हे तिला ठाऊक होतं ना.

आठव्या दिवशी खाजाभाई माझ्या अंगणात आले. सोलापूरहून नवा कंडेन्सर आणला होता. तो बसवला. चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मी शेजारी उभा होतो. मग उतरले, काढलेला कंडेन्सर कपड्यानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. जुना पार्ट मालकाच्या हातात. त्या दिवशीसुद्धा!

त्यानंतर त्यांचा हात गेला. म्हणजे हात होते, त्यावरचा विश्वास गेला. एक प्लग बदलायचा तर पाच वेळा तपासायचे. गिऱ्हाईक कंटाळायचं. वर प्रत्येकाला सांगायचे, माझा पार्ट ऐन वेळी मेला आणि माझी बहीण गेली, तुम्ही दुसरीकडं दाखवून घ्या. असा मिस्त्री कुणाला हवा? गॅरेज बंद पडलं. नांदेडला लेकीकडं गेले, तिथल्या इतवारा भागात सायकलींचे पंक्चर काढत बसले. मराठवाड्यातले इंजिनाचे सगळ्यात जाणते हात सायकलीच्या ट्यूबला पाण्यात बुडवत होते. मी तिथून जायचो, थांबायचो, चहा प्यायचो. लोक म्हणायचे, सर जुनी ओळख विसरत नाहीत.

परवाच्या कार्यक्रमाला संयोजकांनी त्यांनाही आणलं. माझीच सूचना होती. माझा मोठेपणा! दोघांना शाल, दोघांना नारळ. त्यांच्या हातात माइक दिला तर ते म्हणाले, "सर लई मोठ्या मनाचे. माज्या हातचा पार्ट ऐन टायमाला मेला, पन सर आजपातुर एक शबुद बोलले न्हाईत मला." टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, त्यांना नाही — म्हणजे धाडस अजूनही झालेलं नाही, हेही लिहून ठेवा. तो मेलेला कंडेन्सर माझ्या कपाटात आहे.

कार्यक्रमानंतर ते बाहेर उभ्या माझ्या फियाटपाशी आले. बोनेट उघडलं. पंचाहत्तरीचा माणूस, पण बोटं कंडेन्सरवर बरोबर गेली. "हा चांगला हाय न्हवं, सर? तपासून घेतला?" मी म्हणालो, हो. त्यांनी बोनेट लावलं. बोनेटच्या क्रीम रंगावर त्यांच्या तेलकट बोटांचे चार ठसे उठले. ते बघून ते ओशाळले, खांद्यावरची सत्काराची शाल काढली आणि सरांच्या गाडीला डाग नको म्हणून ते ठसे पुसायला लागले.

मी पुसू दिले.